काम झाले, साहेब!

आयुष्याची वीस-बावीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवण्यात गेली, की माणसाला एक खोड लागते. कोणतेही वाक्य कानावर आले, की त्यातला कर्ता कोठे आहे, हे मन आपोआप शोधू लागते. वर्गाबाहेर या खोडीचा उपयोग क्वचितच होतो. पण मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात तो पुष्कळ होतो, असा माझा अनुभव आहे. तेथले सर्वांत लाडके वाक्य म्हणजे ‘काम झालं, साहेब!’ यात कर्ता कोण? तर ‘काम’! पाऊस पडतो, फूल उमलते, तसे काम झाले. दुसरे वाक्य, ‘सील बदललंय, नट आवळलेत.’ येथे कर्त्याचा मुळीच पत्ता नाही. आणि ‘चालवा, चार दिवसांत सेट होईल’ या तिसऱ्या वाक्यात चालवण्याची जबाबदारी आपली, नि ‘सेट’ होण्याची परमेश्वराची!

गंमत सोडून द्या. पण बिघडलेल्या दुरुस्तीचे भांडण वरवर नट-बोल्टांचे दिसले, तरी ते पुष्कळसे शब्दांचे असते. गाडी देताना आपण काय सांगितले, मिस्त्रीने काय कबूल केले, बिलात काय लिहिले आणि प्रत्यक्षात काय केले, या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून ते उद्भवते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या मोटारीच्या बाबतीत त्यातून फार तर मनस्ताप आणि खर्च होतो. चारही चाकांना जोर मिळणारी, चिखलातून आणि डोंगराच्या वाटेने जाणारी जीप असेल, तर मात्र हे प्रकरण जिवाशी येते.

जीप ही मूळची युद्धाची लेक. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी आणि कोठेही चढेल अशी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला आणि पुढे विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांनी तशा गाड्या लाखांनी बनवल्या. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली. मग ती पाटबंधारे खात्यात गेली, वनखात्यात गेली, पोलिसांकडे गेली, साखर कारखान्याच्या फाटकात उभी राहिली आणि निवडणुकीत तिच्यावर कर्णे चढले. खात्यांनी लिलावात काढलेल्या कित्येक जुन्या जीपा अजूनही शेतकऱ्यांच्या आणि हौशी मंडळींच्या अंगणात दिसतात. २०१० मध्ये ‘थार’ आली, २०२० मध्ये तिचा नवा अवतार आला, आणि पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांतही फोर-व्हील-ड्राइव्हची दांडी खेचणारी मुले-मुली दिसू लागली. गाड्या वाढल्या, पण त्यांची नस जाणणारे मिस्त्री त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. अडचण येथेच आहे.

पोकळ गोळा आणि बोटभर सील

या गाडीचे सारे वेगळेपण तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. जेथे जोर फक्त मागच्या चाकांना असतो, तेथे पुढच्या चाकांचे काम वळण्यापुरते. जीपमध्ये पुढेही मागच्यासारखाच क्राउन-पिनियनचा डबा असतो. चाकाने वळायचे आणि वळता वळता जोरही घ्यायचा. त्यासाठी जुन्या विलीज घाटाच्या जीपमध्ये प्रत्येक पुढच्या चाकाच्या आत एक पोकळ लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात सांधा आणि सांध्याभोवती ग्रीस. डब्यातले पातळ तेल आणि गोळ्यातले ग्रीस यांच्यामध्ये पहारा देते ते एक लहानसे रबरी सील. हे सील गेले, की तेल गोळ्यात शिरते, ग्रीस पातळ होते आणि गोळ्याच्या कडेने ओघळू लागते. त्याहून वाईट म्हणजे ते हबपर्यंत पोचते आणि ब्रेकच्या लायनरवर येते. तेल प्यालेला लायनर धरत नाही. मग ब्रेक दाबला, की एक चाक थांबते आणि दुसरे पळते. गाडी एका बाजूला ओढली जाते.

सील स्वस्त, पण ते बदलण्याची मजुरी महाग. चाक काढा, ड्रम काढा, हब काढा, आतला शाफ्ट ओढून बाहेर घ्या. दिवसभराचे तेलकट काम. म्हणूनच येथे मोह होतो. गोळा बाहेरून डिझेलने पुसून लख्ख करायचा, आत घट्ट ग्रीस ठासून भरायचे आणि गाडी हवाली करायची. गळती काही दिवस थांबते. ती पुन्हा सुरू होईपर्यंत बिल चुकते झालेले असते.

हबमधली बेअरिंगे हा दुसरा नाजूक भाग. प्रत्येक चाकात उतरत्या रोलरची दोन बेअरिंगे आणि त्यांना धरणारे दोन नट. मध्ये एक पातळ वॉशर, ज्याची कड दुमडून नट जागच्या जागी अडकवायचा. आतला नट चाक फिरवत फिरवत आवळायचा आणि मग किंचित मागे सोडायचा, अशी रीत आहे. जास्त आवळला तर बेअरिंग जळते. सैल राहिला तर चाक डुलते. हा ‘किंचित’ पुस्तकातही असतो आणि हातातही असतो. पण ज्याने दोन्ही पाहिलेले नाहीत, असा पोऱ्या पाना लावून अंगाच्या जोराने तो पिळतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रॉपेलर शाफ्ट काढून पुन्हा जोडताना त्याच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत यावे लागतात. त्यासाठी शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात; पण चिखलाखाली त्या कोण शोधतो? एक दाता इकडेतिकडे झाला, की गाडी वेगात थरथरते आणि मग उगाचच ‘क्रॉस’ बदलले जातात. जुन्या विलीजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. हे ज्याला ठाऊक नाही, तो नट सोडवतो आहे अशा समजुतीने तो आवळत राहतो आणि अखेर बोल्टच तोडतो. ट्रान्स्फर-केसला पुढचा व मागचा असे दोन्ही शाफ्ट घट्ट जखडलेले असल्यामुळे चारही टायर सारख्या घेराचे हवेत. मागचे दोन नवे आणि पुढचे दोन गुळगुळीत झालेले असे बसवून दिले, तर फोर-व्हील लावताच आतल्या आत ओढाताण सुरू होते. आणि अ‍ॅक्सलच्या डोक्यावर एक छोटी श्वासनळी असते, ती बुजलेली राहिली, तर तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरताच आकसतो आणि सिलांच्या फटीतून पाणी आत ओढतो. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर समजावे की ओढा आत आला आहे. आमच्या सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने वाटेवर ओढेच ओढे. तेव्हा ही नळी साफ आहे का, हे विचारणे म्हणजे शंकेखोरपणा नव्हे.

दादांची जीप

आमच्या थोरल्या बंधूंची मुळशी तालुक्यात डोंगराच्या कुशीत थोडी भातशेती आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर दादांनी सीजे-मालिकेतली एक जुनी डिझेल जीप घेतली. शेतापर्यंतचा शेवटचा दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता असा आहे, की तेथे दुसरी गाडी नेणे म्हणजे तिचा छळच. २०२३ च्या पावसाळ्यानंतर तिच्या डाव्या पुढच्या गोळ्यातून तेल गळू लागले आणि चाळीसच्या पुढे गेले, की स्टेअरिंग थरथरू लागले. दादांनी ती शहरातल्या एका गॅरेजात दिली. नऊ दिवसांनी निरोप आला, ‘काम झालं, साहेब!’ बिल एकवीस हजार चारशेचे. दोन्ही बाजूंची सिले, दोन्ही बाजूंची बेअरिंगे, पुढचे लायनर, ग्रीस आणि मजुरी.

तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग दिसला. दादांनी फोन केला. ‘जुनं तेल राहिलेलं असतं, ते उतरतंय,’ असे उत्तर मिळाले. पुढच्या रविवारी शेतावर दादा, वहिनी, त्यांचे दोन नातू आणि मी असे सगळे गेलो. जाताना काही जाणवले नाही. परतताना उतारावर ब्रेक दाबला, की गाडी उजवीकडे ओढू लागली आणि कसलासा जळका वास येऊ लागला. दादांनी गाडी कडेला घेतली. डाव्या हबला हात लावला, तो चटकन मागे घ्यावा लागला. उजवा नुसता कोमट होता. वहिनींनी नातवांना खाली उतरवले आणि ‘मी मुलांना घेऊन चालत खाली येते, तुम्ही हळूहळू या,’ असे शांतपणे सांगितले. त्या चढावरून खाली पाहिले, तर पाण्याने भरलेली खाचरे आणि त्यांच्यापलीकडे दरी दिसत होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या आधाराने, दादांनी उतार संपवला. मग सगळे पुन्हा गाडीत बसून रांगत रांगत पौडला पोचलो.

दुसऱ्या दिवशी दादांनी सैन्याच्या ई.एम.ई. दलातून निवृत्त झालेल्या, साताऱ्याकडच्या एका हवालदारांना बोलावले. उमेदीची सारी वर्षे या माणसाने सैन्याच्या गाड्यांखाली घालवलेली. ते आले, उकिडवे बसले, चाकाभोवती एकदा बॅटरी फिरवली आणि म्हणाले, ‘दादासाहेब, आधी फोटो काढा. मग मी पाना लावतो.’ हे वाक्य मला फार आवडले. त्यात कोणी काय करायचे, ते स्वच्छ होते.

डावी बाजू उघडली. सील नवे होते. पण उलटे बसवलेले. त्याची ओठासारखी कड तेलाकडे हवी, ती पाठमोरी होती. सिलाच्या बैठकीवर छिन्नीचे घाव. लायनर तेलाने काळाभोर. हबमधला आतला नट इतका पिळलेला, की रोलर निळे पडले होते. आणि त्या नटाला अडवणाऱ्या वॉशरची दुमडायची कडच तुटलेली. जुनाच वॉशर पुन्हा वापरलेला. हवालदारांनी तो वॉशर पुसून दादांच्या तळहातावर ठेवला. काही बोलले नाहीत. दादांनी तो बराच वेळ न्याहाळला.

मग उजवी बाजू. तिचे बोल्ट सोडवण्यापूर्वीच हवालदार हसले. बोल्टांच्या डोक्यांवर गंज आणि पावसाळ्यातला लाल चिखल जसाच्या तसा, एकसंध, वाळून बसलेला. पाना लागला असता, तर तो निदान कडांवर तरी तडकला असता. बिलात मात्र उजवे सील होते, उजवी बेअरिंगे होती आणि त्यांची मजुरीही होती!

या दोन बाजूंमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. डावीकडे अडाणीपणा व निष्काळजीपणा होता. उजवीकडे सरळ लबाडी. वाईट दुरुस्तीची तक्रार करताना हे दोन्ही एकाच पोत्यात भरण्याची आपल्याला सवय असते आणि त्यामुळे समोरचा माणूसही एकाच उत्तराने दोन्ही झटकून टाकतो. ‘चूक कोणाकडूनही होते, साहेब,’ हे उत्तर डाव्या बाजूला लागू पडते. उजव्या बाजूला ते लागू पडत नाही.

कर्त्यासह लिहिलेले पत्र

दादांना त्याच संध्याकाळी जाऊन गॅरेजवाल्याची हजेरी घ्यायची होती. मी त्यांना थांबवले आणि पत्राचा मसुदा केला. ‘सील उलटे बसले’ असे न लिहिता ‘आपल्या कारागिराने सील उलटे बसवले’ असे लिहिले. ‘उजवी बाजू राहून गेली’ याऐवजी ‘आपण उजवी बाजू न उघडता तिचे पैसे घेतले’ असे लिहिले. गाडी कोणत्या तारखेला दिली, कोणत्या तारखेला मिळाली, किती किलोमीटर चालली, कोणत्या तारखेला फोन केला, हे क्रमाने मांडले. फोटो जोडले. विशेषणे एकही ठेवली नाहीत. दादांनी सुचवलेली काही विशेषणे तर दिवाळी अंकात छापण्यासारखीही नाहीत. शेवटी मागणी दोन ओळींत लिहिली. न केलेल्या कामाचे आणि बिघडवलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवसांत परत करावेत. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि त्याचीच प्रत मोबाइलवर.

येथे एक प्रश्न वाजवी आहे. गाडी पुन्हा त्याच गॅरेजात नेऊन दुरुस्त करून घ्यायला नको होती का? माझे मत असे, की नुसती गळती असेल, थरथर असेल, आवाज असेल, तर कारागिराला एक संधी जरूर द्यावी. चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही सील दुमडते आणि तो ते फुकट बदलून देतो. पण ब्रेक, स्टेअरिंग किंवा चाक यांचा संबंध आला आणि त्यातच बिल खोटे निघाले, तर गाडी पुन्हा तेथे चालवत नेणे शहाणपणाचे नाही.

गॅरेजवाल्याचे पहिले उत्तर ठरलेले होते. ‘दुसऱ्यानं उघडली ना, आता आमची गॅरंटी संपली.’ उघडण्यापूर्वीच्या फोटोंनी ते उत्तर निकालात काढले. आठवड्याने मालक स्वतः घरी आले. वहिनींनी चहा दिला. गृहस्थ तसे वाईट नव्हते. त्यांच्याकडचा जुना मिस्त्री २०२० च्या टाळेबंदीत गावी गेला, तो परतलाच नाही. हाताखालच्या मुलांनी आयुष्यात साध्या मोटारीच पाहिलेल्या. ‘मग आमची गाडी घेतलीत कशाला?’ असे वहिनींनी विचारले, तेव्हा त्यांनी कपातला चहा ढवळला. दोन हप्त्यांत त्यांनी तेरा हजार रुपये परत केले. दादांनी त्यावर समाधान मानले. मला ते थोडे कमी वाटले.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी गाडी देतानाच काही गोष्टी लिहून घ्याव्यात. जॉब-कार्डावर रोगाचे नाव लिहू नये, लक्षण लिहावे. ‘बेअरिंग बदला’ असे लिहिले, की मिस्त्री बेअरिंग बदलतो आणि थरथर तशीच राहते. मग दोष आपला ठरतो. ‘चाळीसच्या पुढे स्टेअरिंग थरथरते, ते थांबवा’ असे लिहिले, की थांबवण्याची जबाबदारी त्याची. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत हवेत, ही ओळ त्याच कार्डावर असावी. तेवढ्या एका ओळीने किती तरी खोटी बिले जन्मालाच येत नाहीत. खर्च ठरावीक रकमेच्या वर जात असेल, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, हेही लिहावे. गाडी घ्यायला दिवसाउजेडी जावे. आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न वापरता थांबावे आणि चारही हबजवळ हात न्यावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल, तर पैसे देण्याआधी तो उघडायला लावावा. आमचे हवालदार आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतात, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत. नट जरा सरकला, तरी रेघ तुटलेली दिसते. याला खर्च काहीच येत नाही.

गाडी अडकवून ठेवली तर

पुष्कळांची खरी अडचण निराळी असते. काम वाईट झाले आहे हे दिसते. पण पूर्ण पैसे दिल्याशिवाय गॅरेजवाला किल्ली देत नाही. येथे कायदा काही अंशी त्याच्या बाजूने आहे, हे ठाऊक असावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७० वे कलम असे सांगते, की ज्याने सोपवलेल्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करून ठरलेली सेवा दिली, त्याला आपला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. मात्र ती सेवा ठरलेल्या हेतूप्रमाणे दिलेली हवी. त्याच कायद्याचे १५१ वे कलम, सोपवलेल्या वस्तूची सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेण्याचे बंधन त्याच्यावर घालते. तेव्हा फाटकात हातघाईवर येण्यापेक्षा बिलावर ‘हक्क राखून, हरकतीसह पैसे दिले’ असे लिहून, सही-तारीख घालून, त्याचा फोटो घ्यावा आणि गाडी सोडवावी. भांडण मग आपल्या सवडीने करता येते.

ते करायची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. या चळवळीचे एक मूळ आपल्याकडेच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २०२० मध्ये अमलात आला. वाईट दुरुस्ती ही त्याच्या भाषेत ‘सेवेतील त्रुटी’. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. गॅरेज परगावी असले, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. गाडी धंद्यासाठी चालवत असाल, तर मात्र ‘ग्राहक’ या शब्दावरच वाद निघू शकतो; स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला त्यातून सूट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असा चार आकडी आहे आणि पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत न जाता तेथेच मिटतात.

आयोगापुढे जायचे ठरलेच, तर जॉब-कार्ड, पक्के बिल, उघडण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो, आणि ज्याने दुसऱ्यांदा गाडी उघडली त्याचे सही-तारखेसह लिहिलेले मत, एवढे कागद एकत्र ठेवावेत. काढलेले सील, बेअरिंग, वॉशर मुळीच धुऊ नयेत. आहे त्या तेलासकट निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालावेत आणि प्रत्येकीवर कोणत्या चाकातून, कोणी, कोणत्या तारखेला काढले, ते लिहून ठेवावे.